माहेरचं नाव विचारणाऱ्या बाई

"नाव काय तुमचं? लग्नाआधीचं."

शाळेत रुजू झाले त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सासरचं नाव मी आधीच सांगितलं होतं, ते त्यांनी जेवणावरची माशी हाकलावी तसं हाकलून लावलं. मी गोंधळून माहेरचं नाव सांगितलं.

"आईचं?"

तेही सांगितलं.

"तिचं माहेरचं?"

ते मला ठाऊक नव्हतं. बाईंनी हातातला खडू टेबलावर आपटला, त्याचा भुगा झाला. "एम.ए. झालात म्हणे," एवढंच बोलून त्या तासाला निघून गेल्या. मला इतका राग आला की त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही. पण दिवाळीला माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा आईला तेच विचारलं, आणि आई चक्क लाजली. पन्नाशीतली बाई स्वतःचं नाव सांगताना लाजते, हे बघून मला बाईंचा राग थोडा कळला.

आमची शाळा औरंगाबादच्या कापड गिरणीच्या लायनीला लागून होती. लायनी म्हणजे कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. एका भिंतीत पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्या, वर कौलं, मधून गटार. गिरणीच्या भोंग्यावर आमच्या शाळेची घंटा चालायची. लायनीतली माणसं कुठून कुठून आलेली. कुणी दुष्काळात, कुणी निजामाच्या काळात जहागिरदाराच्या जाचातून पळून, कुणी पोलीस ॲक्शनच्या वेळी अंगावरच्या कपड्यांनिशी. बाई त्याच लायनीत जन्मल्या, तिथंच वाढल्या आणि तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायला लागल्या. लग्न केलं नाही. पायात पुरुषी चपला, पदर खोचलेला, दाढेखाली लवंग. चालताना मोठ्यानं नावं म्हणत चालायच्या. कोण कुणाची मुलगी, कुठल्या गावची, लायनीत कोणत्या साली कुणाच्या मागं आली. नवखा माणूस त्यांना वेडी समजायचा.

"लिहून का ठेवत नाही बाई?" मी एकदा विचारलं.

"लिहिलं की विसरायची मुभा मिळते," त्या म्हणाल्या.

लायनीतल्या प्रत्येक घराचा माग काढायचा हा त्यांचा हट्ट होता. पुरुषांचा माग सहज लागायचा. बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, आडनाव, सगळं जाग्यावर. बायकांपाशी आलं की रस्ता बंद. लग्नात नाव बदललेलं, पाट लागला तर पुन्हा बदललेलं, आणि मेल्यावर नुसती "अमक्याची आई". बाईंच्या स्वतःच्या आईची हीच गत होती. बाई लहान असताना ती वारली. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती, एवढं माहीत. माहेर कुठलं, तिथं तिला काय म्हणायचे, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले होते, "काय करायचंय आता ते?" बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज असा होता, जणू वडील आत्ताच समोरून बोलून गेलेत.

शहाण्या माणसांना त्या आवडत नसत. हळदीकुंकवाला गेल्या की घरातल्या सुनेला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारायच्या, सासूच्या देखत. सून आधी दचकायची, मग हळूच हसायची, आणि सासूचं तोंड वाकडं व्हायचं. मुख्याध्यापकांच्या मातोश्री वारल्या तेव्हा शाळेच्या फळ्यावर "मुख्याध्यापकांच्या मातोश्रींचं दुःखद निधन" असं लिहिलं गेलं. बाईंनी सगळ्या शाळेसमोर विचारलं, "त्यांना नाव होतं की नाही?" त्या प्रश्नाची शिक्षा म्हणून वर्षभर त्यांना शेवटचा तास आणि सगळ्यात दंगेखोर वर्ग मिळाला. त्यांनी त्या वर्गातल्या प्रत्येक पोराकडून आजीचं माहेरचं गाव नकाशात दाखवून घेतलं.

एकदा लायनीतल्या एका बऱ्या स्थितीतल्या घरी भाट आला. वंशावळ सांगणारा, पागोटं, गळ्यात माळ. ओट्यावर सतरंजी घातली, गल्ली जमली. भाट सूर लावून घराण्याच्या पिढ्या सांगू लागला, अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, थेट कुठल्याशा किल्ल्याच्या बुरजापर्यंत नेऊन पोचवलं. घरमालकाची छाती फुगत चाललेली. बाई मागं उभ्या होत्या.

"आणि बायका?" त्यांनी विचारलं.

भाट थांबला. "बायकांची नावं पोथीत नसत्यात, बाई."

"मग ही सगळी माणसं झाडाला लागली होती काय?"

गल्ली हसली. घरमालकानं बाईंना हाताला धरून बाजूला करायला दोन माणसं पाठवली. बाईंनी त्यांचे हात झटकले आणि त्याच घराची वंशावळ बायकांच्या बाजूनं सांगायला सुरुवात केली. त्यात किल्ला नव्हता. पैठणकडची एक भाकरीला महाग झालेली विधवा होती, पाठीशी पोर बांधून पायी आलेली, गिरणीच्या फाटकाशी उभी राहिलेली. त्या पोराचा हा नातू. घरमालकानं त्या दिवसापासून बाईंशी बोलणं सोडलं. पण त्याची म्हातारी आई मात्र बाई दिसल्या की उठून उभी राहायची.

मग गिरणी बंद पडली. भोंगा थांबला आणि आमची घंटा एकटी वाजायला लागली. थोड्या दिवसांनी कळलं की लायनीतल्या खोल्या जुन्या कामगारांच्या नावावर करून द्यायच्या आहेत. ज्यानं सलग बरीच वर्षं काम केलंय त्याला खोली, बाकीच्यांनी जागा सोडायची. त्यासाठी एक कचेरी उघडली, एक साहेब आले. लोक रांगा लावू लागले.

सोनाबाई शेवटच्या लायनीत एकटी राहायची. सत्तरीच्या पुढची, काटक, सूत गुंडाळून गुंडाळून बोटांना कायमचा बाक आलेला. पोरपणापासून गिरणीत. पण कचेरीच्या हिशेबी ती एक बाई नव्हतीच. लग्नाआधी ती बापाबरोबर कामाला लागली, तेव्हा ठकू. लग्न झालं, सासर फुलंब्रीचं, तेव्हा यमुना. पुढं नवरा गेल्यावर गिरणीच्या बॉयलरवरच्या एका कामगाराशी पाट लागला, तेव्हा सोना, आणि नंतर कारकून बदलेल तसं यातलंच कुठलंही नाव हजेरीत पडत गेलं. तिन्ही बायांची वर्षं वेगवेगळी धरली तर एकीचीही सलग पुरत नव्हती. खोली सोडायची नोटीस आली तशी सोनाबाई बाईंकडं आली. बाई तिला घेऊन कचेरीत गेल्या, आणि मला म्हणाल्या, "चला." मी गेले.

साहेब तरुण होते, नीट भांग पाडलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोनाबाईकडं बघून हसत विचारलं, "आजी, तुम्ही नक्की किती जणी आहात?"

सगळी कचेरी हसली. सोनाबाईही कसंनुसं हसली, आणि ते हसू मला आजही सहन होत नाही. म्हातारी हसली कारण साहेब हसले होते.

बाई ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. उठल्या, आणि एकेका टेबलाशी जाऊन विचारत सुटल्या. "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय? तुझ्या?" कुणी सांगितलं, कुणी मान खाली घातली. शेवटी साहेबांच्या टेबलाशी आल्या. साहेब म्हणाले, "बाई, कामाचं बोला. ही एकच बाई आहे असं सासरच्या माणसानं येऊन सांगू द्या, मग बघू."

बाहेर पडल्यावर बाईंनी सोनाबाईला विचारलं, "सासरी कोण आहे?"

"दीर हाय. पर त्ये नाय यायचे."

"का?"

मग लिंबाखाली बसून तिनं सांगितलं. रझाकारांची धामधूम सुरू होती तेव्हा तिचा नवरा बापाला बघायला फुलंब्रीला गेला आणि वाटा बंद झाल्या. लायनी ओस पडायला लागल्या. तिच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, मुसलमान होता, घर खुलताबादेत. त्यानं तिला एकटीला लायनीत राहू दिलं नाही, आपल्या बायको-लेकींत नेऊन ठेवलं. मग पोलीस ॲक्शन झाली आणि वारं फिरलं.

"आता त्येंच्याच घरावर दगडं याया लागली. मी कपाळाला ह्ये एवढं कुंकू लावलं आन् दारात जाऊन बसले. हिंदूचं घर समजून लोक पुढं जायचे. मला काय ठावं, माझं कुंकू तवाच पुसलेलं. मालक त्या गडबडीतच गेले हुते."

वाट मोकळी झाल्यावर ती फुलंब्रीला गेली. दिरानं वेशीतच अडवलं. म्हणाला, यमुना मेली, आज तिचं दहावं घालतोय आम्ही. मुसलमानाच्या घरात राहिलेली बाई घरात घ्यायची नव्हती, आणि भावाच्या वाटच्या जमिनीला वारस नको होता. ती उलट्या पावली गिरणीत आली. दुसरा नवरा मिळाला, तोही बॉयलरच्या धुरात खोकून खोकून लवकरच गेला. मूलबाळ नाही. नंतरची सगळी वर्षं एकटीची.

बाईंच्या दाढेखालची लवंग कडकन फुटल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुढच्या रविवारी आम्ही खुलताबादला गेलो. जॉबरमियाँ जिवंत होते, नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी अधू. सोनाबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चाचा, मी यमुना." म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तिचं डोकं चाचपलं आणि रडायला लागला.

"मेरेकू क्या पूछते, बाई? बच्ची है वो हमारी," ते म्हणाले. "ठकू बी यहीच, यमुना बी यहीच, सोना बी यहीच. मेरे हाथ के नीचे काम करी. चलो, किधर बोलना है बोलो, मैं बोलता."

आणि ते खरंच आले, नातवाच्या खांद्याला धरून, इस्त्रीची शेरवानी घालून. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "चाचा, तुम्ही नातेवाईक नाही." म्हातारा तेवढ्यावर परत गेला. आजही मला त्या साहेबांच्या गोड आवाजाची चीड येते. शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं.

आता फुलंब्रीच उरली होती. बाईंनी सोनाबाईला नवं लुगडं नेसवलं आणि भर बाजाराच्या दिवशी दिराच्या दारात नेऊन उभं केलं. चुना दिलेलं मोठं घर, दारात ट्रॅक्टर. दीर बाहेर आला. पांढरा फेटा, मिशा, गावात वजन असलेला माणूस. त्यानं सोनाबाईकडं नीट पाहिलं. इतकं नीट की ओळखल्याशिवाय कुणी तसं बघत नाही.

"मी वळखत नाय," तो म्हणाला.

"पुन्हा बघा," बाई म्हणाल्या.

"आमची वहिनी ॲक्शनमधी मेली. समद्या गावाला ठावं हाय."

मग मात्र बाई ओरडल्या. कशी मेली, कुठं जाळली, राख कुणी भरली, एकेक प्रश्न बाजारातल्या माणसांना ऐकू जाईल असा. लोक थांबले, ऐकू लागले, पण एकही पुढं आला नाही. दीर म्हणाला, "मास्तरीणबाई, वय झालंय तुमचं. उन्हाचं फिरू नगा." आणि आत गेला.

आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीही म्हातारीच, डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तिनं आम्हां तिघींना पाणी दिलं. सोनाबाईच्या ओंजळीत ओतताना ती पदराखालून तिच्या तोंडाकडं बघत राहिली आणि अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. येताना एसटीत बाई गजावर मूठ आपटत होत्या. सोनाबाई म्हणाली, "धाकली जाऊ हाय ती. लई ल्हान हुती तवा."

साहेबांनी दिलेली शेवटची तारीख उजाडली. कचेरीत आम्ही तिघी बसलो होतो, हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. साहेब कागद पुढं ओढत होते आणि दारातून धाकटी जाऊ आत आली. एकटी. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं, वाट विचारत विचारत. नाकापर्यंतचा पदर आता कपाळावर होता.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"हिची धाकली जाऊ. हीच यमुनाआक्का. माझ्या लग्नात हिनंच माझी वेणी घातली."

"इतक्या वर्षांनी कशावरून ओळखता?"

"साहेब, जित्या माणसाचं दहावं घातलं की त्ये इसरता येतंय व्हय? त्या दहाव्याचा भात मी शिजवलाय. आक्का वेशीतनं रडत परत गेली त्ये मी माळवदावरनं बघितलं, आन् खाली येऊन चूल पेटवली. मालकानं सांगितलं तसं. जेवाय बसलेल्या माणसान्ला मी वाढलं. आता बास झालं."

कचेरीत कुणीही हसलं नाही. सोनाबाईनं तिचा हात धरला आणि तशीच बसून राहिली.

तासाभरानं साहेबांनी निकाल सांगितला. खोली मिळाली. पण तिच्या कामावर मिळाली नाही. "नोंदी जुळत नाहीत" असं म्हणून साहेबांनी ती दिली बॉयलरवरच्या त्या दुसऱ्या नवऱ्याची विधवा म्हणून. त्या बिचाऱ्यानं गिरणीत जेमतेम चार पावसाळे काढलेले. तिनं तिथं आपलं सगळं आयुष्य घातलेलं. "दयाबुद्धीनं विचार केला," साहेब म्हणाले. जणू खिशातून दिली खोली.

बाई कचेरीतून निघाल्या त्या क्रांती चौकापर्यंत तरातरा चालत गेल्या. तिथं भर रहदारीत थांबल्या. रिक्षावाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते.

"दया!" त्या ओरडल्या. "कुणाची दया? हिनं गिरणी चालवली. हिच्या बोटांकडं बघा! आणि हे हिला दया दाखवतात?"

"बाई, रस्त्यातनं बाजूला या," मी म्हणाले.

त्या सोनाबाईवरच उलटल्या. "आणि तू? तुला राग कसा येत नाही गं?"

"येतो की," सोनाबाई म्हणाली. "पर मला ऱ्हायचं बी हाय ना, बाई."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग मुकाट्यानं बाजूला आल्या. त्यांना कुणी गप्प केलेलं मी त्यानंतर पाहिलं नाही.

धाकटी जाऊ दुपारच्या एसटीनं फुलंब्रीला परतली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सोनाबाईकडं गेलो तर जाऊ तिथं भिंतीला टेकून बसलेली. अंगावर कालचंच लुगडं. नवऱ्यानं दार उघडलंच नव्हतं. लेकांनीही नाही. रात्र तिनं मारुतीच्या पारावर काढली आणि सकाळी इकडं आली.

बाई उंबऱ्यातच खाली बसल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मी तुमच्या दारात आले नसते तर तुमचं घर राहिलं असतं," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, मला आजवर कुणी काय इचारलंच न्हवतं," जाऊ म्हणाली. "तुमी वट्ट्यावर वरडत हुता, कुठं जाळली म्हणून. त्ये मला इचारल्यावानी वाटलं."

बाईंनी मग विचारलं, "तुमचं काय काय राहिलंय तिथं?"

"एक ट्रंक हाय. माहेरनं आणलेली. जाऊ द्या."

बाई उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. फुलंब्रीच्या एका पालकानं नंतर मला जे सांगितलं ते असं: बाई पहिल्या एसटीनं गेल्या, दिराच्या घरासमोर रस्त्यात बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगत राहिल्या. या घरात कोण कोण बायका नांदल्या, कुठून आल्या, कुणाचं जिवंतपणी दहावं झालं, कुणाला परवा दाराबाहेर ठेवलं. ऊन चढलं तरी उठल्या नाहीत. दिरानं पोलीस पाटलाला बोलावलं. पोलीस पाटील आला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई खोटं तर काय बोलत न्हायत." उन्हं कलायला लागली तेव्हा घरातून ट्रंक बाहेर आली. हातानं आणून ठेवली नाही, फेकली.

संध्याकाळी मी सोनाबाईच्या खोलीत होते. दोघी जावा चुलीपाशी बसून काहीतरी निवडत होत्या. बाहेर चपलांचा आवाज आला. लायनीच्या तोंडाशी बाई दिसल्या, साठीला आलेली बाई, डोक्यावर पत्र्याची ट्रंक, एका कोपऱ्याला पोचा आलेला, चेहरा उन्हानं काळवंडलेला. दोन्ही बाजूंच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणी मदतीला धावलं तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. आत आल्या, ट्रंक धाकटीच्या पुढ्यात ठेवली आणि चोळत चोळत मान सरळ केली.

"चहा टाका," त्या म्हणाल्या. "आणि साखर जास्त. घसा बसलाय माझा."